धुण्याच्या दगडाची अट

“कपडे वाळंस्तवर गप बस, लेकरा. तुझ्या घरी मी सांगायची न्हाई.” गयामावशी परटिणीचं हे बोलणं हणमंतराव टेमघऱ्यांनी लहानपणी गावच्या विहिरीवर ऐकलं, त्याला पन्नास वर्षं झाली होती.

आज त्याच विहिरीपाशी लवादाच्या साहेबांपुढे त्यांच्या अपिलाची सुनावणी होती. त्यांच्या इमारतीला परवानगी मिळाली होती, पण चौदाव्या अटीसकट: काठावरचा धुण्याचा दगड हलवायचा नाही. दगडात जुने आवाज साठून राहतात, पण हललेला दगड कायमचा मुका होतो. आणि लिफ्ट नेमकी तिथंच यायची होती.

“साहेब, दगडाचा इमारतीशी काय संबंध?” हणमंतरावांनी विचारलं.

“माझ्या आईचा आवाज आहे त्यात,” गयामावशीची लेक यमुना म्हणाली. “लिफ्ट चार हात सरकवली, तर तुमचे मजले काय रुसणार आहेत?”

लवादाच्या साहेबांनी दगडाला यंत्र टेकवलं. आधी धुण्याची धपधप आली, मग ओवी:

धुणं धुते मी गं बाई, पाणी दगडावरून वाहतं
लेकरू कुणाचं का असंना, पदराखाली ऊब घेतं

आणि मागोमाग, “कपडे वाळंस्तवर गप बस, लेकरा...”

“हे लेकरू कोण, ते आईनं मरेस्तोवर सांगितलं नाही,” यमुना म्हणाली.

हणमंतरावांनी पायातल्या चपला काढल्या.

“लिफ्ट सरकवतो, साहेब,” ते म्हणाले आणि यमुनेकडे वळले. “यमुनाताई, ते लेकरू मी. बुडत होतो, तुमच्या आईनं मला वर काढलं. आधी माराच्या भीतीनं बोललो नाही, मग लाजेनं. माझं सगळं आयुष्य तिनं दिलेलं आहे.”