तळ उसवलेली पिशवी

दहा पिशव्यांपैकी एकीत भाकरी होत्या. एकीची घडी करून झुंबरबाईनं ती बुडाखाली घेतली होती. तिसरीची कुणीतरी घागरीसाठी चुंबळ केली होती. कापूस मात्र एकीतही नव्हता. तो नेहमीसारखा बायांच्या ओटीत होता, लुगड्याचा घोळ कमरेला खोचून केलेल्या ओटीत.

शिवकन्या बांधावर उभी राहून बघत होती. घनसावंगीच्या एस.टी.तून उतरून ती तीन मैल चालत आली होती. बहात्तरच्या दुष्काळानंतर माहेरची रानं कापसानं इतकी पांढरी यंदाच झाली होती. पिशव्या तिनंच शिवल्या होत्या, मांजरपाटाच्या. गळ्यात अडकवायची, वेचलेला कापूस आत टाकायचा. ओटीचं ओझं नको आणि लुगडं फाटायला नको. बायांना वापरायला देऊन आठ दिवस झाले होते. चालल्या तर गावोगाव विकायच्या. नाही चालल्या तर शिलाई मशीन विकून सोमवारपासून तिनंही रोजानं वेचायला जायचं, असं सासरी ठरलं होतं.

"कशी वाटली काकू?" तिनं झुंबरबाईला विचारलं.

"लई बेस," झुंबरबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "तुझ्या हाताला गुण हाय, माय."

"मंग वापरत का न्हाई?"

"वापरू की. उद्या वापरू."

बाकीच्या नऊजणींनीही हेच सांगितलं. माहेरवाशिणीनं माती आणून दिली असती तरी या बायांनी ती गोड आहे म्हणून सांगितलं असतं. आठ दिवसांपूर्वी याच कौतुकानं शिवकन्या हरखून घरी गेली होती. आता तिला रागही आला आणि रडूही आलं.

तिनं विचारणंच बंद केलं. एक पिशवी गळ्यात अडकवली आणि भावजयीच्या, कौसल्येच्या शेजारची ओळ धरली. तासाभरात पिशवी गच्च झाली. कापसाच्या गंजीजवळ जाऊन तिनं पट्टा डोक्यावरून काढला आणि पिशवी उलटी केली. कसलीच अडचण आली नाही, आणि नेमकं हेच तिला कळेना.

"वैनी, आता तू," ती कौसल्येला म्हणाली. "चांगली वाईट काही सांगू नको. नुसती भर अन् रिकामी करून दाखव."

कौसल्येनं भरली. गंजीजवळ शेताचे मालक रामराव तराजू घेऊन बसले होते. कौसल्येनं पट्ट्याला हात घातला, रामरावांकडं पाहिलं आणि हात खाली घेतला. मग ती पिशवीतून मूठमूठ कापूस काढायला लागली.

"डोक्यावरून काढ की."

कौसल्या जवळ आली आणि अगदी हळू बोलली. "वन्सं, तुमचं हे माहेर. तुमची डोई उघडी असली तरी कोण काय म्हणतंय? आम्ही सुना हाव. पट्टा काढला की पदर बी खाली येतो. मालकापुढं, दिवसातून धा येळा." तिनं कमरेच्या घोळाकडं बोट दाखवलं. "ओटीचं तसं न्हाई. घोळ सोडला की कापूस खाली."

शिवकन्येचा हात आपोआप डोक्याकडं गेला. गावात शिरताना तिनं पदर खांद्यावर घेतला होता, प्रत्येक वेळी घेते तसाच. सासरी पिशवी गळ्यात घालून बघितली तीही दार लावून, मशीनसमोर. ज्या दहाजणींना तिनं विचारलं त्या सगळ्या या गावच्या सुना होत्या, झुंबरबाईसुद्धा. तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिनं सोबत आणलेल्या शिवणाच्या सामानातून कात्री काढली आणि कौसल्येच्या गळ्यातल्या पिशवीची तळाची शिवण टराटरा उसवली. उरलेला कापूस गंजीवर पडला.

"नवी पिशवी फाडून राह्यली का ही?" झुंबरबाई आता उठली.

शिवकन्येनं तळाच्या कापडाची मोट केली, तिला सामानातली एक नाडी गुंडाळली आणि सुरगाठ मारली. "वैनी, पुन्हा भर."

कौसल्या भरून आली. गंजीजवळ उभी राहिली आणि तिनं नाडी ओढली. कापूस भसकन खाली आला. पदर जागचा हलला नाही. रामराव तराजूचा काटा बघत होते. त्यांना काही घडल्याचं कळलंही नाही.

बायांना कळलं. हातातली बोंडं तशीच सोडून त्या गंजीकडं आल्या. बेस आहे असं या वेळी एकीनंही म्हटलं नाही.

"माझी एवढी लांब कामून केली? गुडघ्याला लागती."

"नाडी डाव्या अंगाला पाह्यजे. उजवा हात मोकळा न्हाई ऱ्हात."

झुंबरबाईनं आपली पिशवी झटकून उलटीसुलटी पाहिली. "पट्टा रुतंल मानेत. अन् ही काय शिवण हाय? बिलकुल टिकायची न्हाई. दुहेरी मार."

माहेरी एवढी बोलणी शिवकन्येनं जन्मात खाल्ली नव्हती. तिला इतका आनंद झाला की सुईत दोरा जाईना. ती बांधावर मांडी घालून बसली आणि एकेकीला पुढं बोलावून माप घ्यायला लागली. मशीन आता कुठंही जाणार नव्हती.

शेवटी केशरबाई आली. पिशवीतल्या भाकरी काढून तिनं एका दगडावर ठेवल्या आणि रिकामी पिशवी शिवकन्येच्या मांडीवर टाकली.

"जल्दी कर," ती म्हणाली. "भाकरीचं मंग बघू."