चार फुटांची वाट

“पाचच्या आत एवढा कठडा गेलाच पाहिजे,” मानसिंगराव तिसऱ्यांदा म्हणाले.

उमाशंकर मिस्त्रीनं बिडी विझवून कानामागं खोचली आणि ओट्यासमोर एक चक्कर मारली. धारमधल्या निम्म्या मराठी घरांना त्याचा हात लागलेला. पण कामाला सुरुवात करायची म्हणजे हा माणूस मुहूर्त काढल्यासारखा वेळ लावायचा.

“बाऊजी, पक्का काम है. मैंनेच बांधा था. कल सुबे आता हूं.”

“उद्या नाही, आज. कुसुम इंदूरहून निघालीय.”

कुसुमावती म्हणजे मानसिंगरावांची बायको. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन आज बारा दिवसांनी ती घरी येत होती. लेक कृतिका गाडीनं आणत होती. मानसिंगरावांनीही इंदूरच्या चकरा मारल्या होत्या. दवाखान्यात नुसतं बसून करायचं काय, म्हणून स्वतःचा खोकलाही दाखवून घेतला होता.

आणि हा कठडा म्हणजे कुसुमावतीचा जीव की प्राण. डमरूसारखे ते सिमेंटचे खांब तिनं स्वतः निवडलेले. दर उन्हाळ्यात तिच्या लोणच्याच्या बरण्या त्यावर ओळीनं उन्हं खात उभ्या. ती घरात असताना कठड्याला कुणी बोट लावून दाखवावं! जे काय करायचं ते ती यायच्या आत.

“व्हीलचेअर वळणार नाही रे,” मानसिंगराव म्हणाले. “दार इथं मधोमध आणि पायऱ्या तिकडं कोपऱ्यात. या ओट्यावरून सुखानं काय आलं-गेलंय सांग! फ्रिज वरून उचलून घेतला. कपाटाचा पाय मोडला. आबांना नेतानासुद्धा इथंच अडलं.”

“हओ, याद है,” उमाशंकर म्हणाला. मानसिंगरावांच्या वडिलांना शेवटचं नेलं तेव्हा तोही हात लावायला होता. कोपऱ्यावर सगळं तिरकं झालं, दोरी सुटली, आणि दारात उभ्या असलेल्या कुसुमावतीनं जी किंकाळी फोडली ती अख्ख्या गल्लीनं ऐकली. पुढं सहा महिने ती त्या कोपऱ्याकडं बघत नसे.

उमाशंकरनं टेप काढला. “दाराच्या सीध में, अडीच फूट. कुर्सी आराम से जाएगी.”

“चार फूट.”

“चार? भाभीजी की कुर्सी है के बैलगाडी?”

“दोन्ही बाजूंनी धरायला माणसं लागतात. चार म्हणजे चार. आणि खाली पायरीसारखी एक फरशी टाक, पाय ठेवायला.”

“फरशी पे चाक कैसे चढेगा? ढाल बनानी पडेगी.”

“उताराचं नंतर बघू. तू घण उचल बाबा!”

पहिला डमरू फुटला, दुसरा फुटला, आणि तिसऱ्यात गाडं अडलं. आत लोखंडाची सळई. उमाशंकरचा कटर बसस्टँडजवळच्या दुसऱ्या कामावर पडलेला. तेवढ्यात कृतिकाचा फोन आला. “बाबा, हम घाटाबिल्लोद पहुंच गए. तासाभरात घरी. आई म्हणते चहा टाकून ठेवा.”

मानसिंगरावांनी घड्याळ बघितलं. त्यांनी उमाशंकरच्या हातातून घण घेतला आणि दोन घाव घातले. तिसऱ्याला खोकल्याची अशी उबळ आली, की घण तिथंच टाकून ते ओट्यावर बसले. पँट कमरेवर धरून ठेवावी लागत होती.

“बाऊजी, आधे रे गए हो. भाभीजी नी थी तो खाना बंद?”

“हॉटेलचं खाऊन कुणाचं भलं झालंय!” मानसिंगरावांनी तोंड पुसलं. मग त्यांनी चक्क हात जोडले. “उमाशंकर, पाया पडतो तुझ्या. आज झालं नाही तर हे कधीच व्हायचं नाही. ती करू देणार नाही.”

उमाशंकर गडबडून गेला. तीस वर्षांत या माणसानं कधी आवाज खाली आणला नव्हता. “अरे, पाप में मत डालो!” तो ओरडला, आणि सायकल काढून कटर आणायलाच पळाला.

पावणेपाचला चार फूट मोकळे झाले. खाली फरशी बसली. मानसिंगराव दारात उभे राहिले, उमाशंकरला शेजारी घेतलं आणि दोघं खांद्याला खांदा लावून सरळ फाटकापर्यंत चालत गेले. कुठं वळायला लागलं नाही, कुठं घासलं नाही. मानसिंगरावांनी मोठा श्वास सोडला.

गाडी आली. कुसुमावती काठी टेकत उतरली. कृतिकाचा हात तिनं बाजूला सारला आणि कोपऱ्यातल्या पायऱ्या एकेक करत स्वतः चढून आली.

“बघा! तिथं रोज दहा-दहा पायऱ्या चढवून घ्यायचे,” ती म्हणाली आणि तिचं लक्ष गेलं. “अगं बाई! माझा कठडा! अहो, हे काय करून ठेवलंत?”

“तुझ्यासाठीच,” मानसिंगराव म्हणाले.

“मला काय पालखीतून आणणार होता?” ती चिडली खरी, पण डोळे भरून आले तिचे. “वेडे कुठले,” म्हणत ती कृतिकाबरोबर आत गेली. चहा टाकलेला नाही म्हणून लगेच आतून तिचं बोलणंही सुरू झालं.

उमाशंकर हत्यारं गोळा करत होता. “चलो, कुर्सी की तो जरूरतच नी पडी. फिर भी ढाल बना दूं, बाऊजी?”

मानसिंगरावांनी एकदा आत बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

“ढाल नको. मला चौघं खांद्यावरून नेतील. तेवढं आबांसारखं तिरकं होऊ देऊ नका. कुसुम दारात उभी असेल.”