आजीव कार्डाची मुदत

“आजीव सभासद ना मी? मग कार्डावर ही मुदत कसली?”

पुराणिककाकांनी नवं कार्ड वाचनालयाच्या टेबलावर आपटलं. मुदत : १९ जानेवारी २०३८. आजारी माणसाच्या हाती आपणच शेवटची तारीख ठेवली, या विचाराने ग्रंथपाल हेमलता ओशाळली.

“काका, मी २०९९ टाकलं होतं. पण या जुन्या सॉफ्टवेअरची तारीख २०३८च्या पुढे जातच नाही हो.”

काका बोटांवर वर्षं मोजू लागले. “म्हणजे माझ्या ब्याण्णवाव्या वर्षापर्यंत?”

“पुढे वाढवून देईन ना!”

“राहू दे गं. आमचा डॉक्टर दिवाळीपलीकडचं बोलायलाच तयार नाही.” काका कपाटाकडे वळले. “ती पाच खंडांची कादंबरी वेळ पुरणार नाही म्हणून टाळत होतो. काढ बघू पहिला खंड.”