शुद्ध मदत

नेट कंपनीच्या हेल्पलाइनवर बसणाऱ्या शिकाऊ मुलांना मी भाषा शिकवतो. माझा नियम एकच: बोलायचं तर अख्खं इंग्रजी, नाहीतर अख्खं मराठी. त्यांचे रेकॉर्ड केलेले कॉल मी ऐकतो आणि भेसळ सापडली की मार्क कापतो. याचा मला फार अभिमान आहे.

परवा ऐन ऑनलाइन वर्गाच्या वेळी माझ्याच घरचं नेट गेलं. मी घाईघाईने आमच्याच हेल्पलाइनला फोन लावला.

"महोदय, मार्गनिर्धारक उपकरणाचा वीजपुरवठा खंडित करून पुनश्च सुरू करावा," पलीकडून एक मुलगी म्हणाली.

"काय करू?"

तिने तेच वाक्य आणखी सावकाश म्हटलं. मी घरभर नजर फिरवली. असलं काही आपल्याकडे आहे, हेच मला ठाऊक नव्हतं.

"अगं बाई, नीट मराठीत सांग ना," मी वैतागलो.

ती कुजबुजली, "सर, राउटर ऑफ करून परत ऑन करा."

केलं. नेट आलं.

"मग हे आधीच सांगायला काय झालं होतं तुला?"

"कॉल रेकॉर्ड होतोय, सर. उद्या ऐकून मार्क तुम्हीच कापणार."