आकृती चार पाहा

“आकृती कुठे आहे?”

डॉ. हॉलिसनी उत्तरपत्रिका ज्ञानेश्वरसमोर सरकवली. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, कॉलरा पाण्यातून कसा पसरतो त्यासाठी आकृती चार पाहा. उत्तरपत्रिकेत आकृती नव्हती. ती हॉलिसांच्या पुस्तकात होती, पान एकशे बारावर. उत्तरातला त्या ओळीच्या वरचा अख्खा मजकूरही तिथलाच होता. स्वल्पविरामासकट.

ज्ञानेश्वरला परतूरहून इंग्लंडात, लीड्सला येऊन नऊ महिने झाले होते. इंग्रजी लिहायला लागला की थांबायचा नाही, बोलायला लागला की दुसऱ्याच वाक्याला अडखळायचा. संशय तिथूनच सुरू झाला.

*नोंद एक. आरोप : परीक्षेत चिठ्ठ्या नेल्या. सिद्ध झाल्यास नाव कमी.*

नाव कमी म्हणजे व्हिसा रद्द, आणि पंधरा दिवसांत परतूर. हे नोंदीत लिहीत नाहीत.

अशा चौकशीला विद्यार्थ्याला सोबत एक माणूस आणता येतो. त्याने सुप्रभा करंदीकरांना आणलं होतं. त्या विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसात होत्या. बावीस वर्षं गुणपत्रिका आणि जन्मदाखले मराठीतून इंग्रजीत करून त्याखाली सही करत आल्या होत्या. ती सही सगळीकडे चालायची. कारण त्यांनी कधी कुणाचा एक गुण वाढवला नव्हता, की कुणाची जन्मतारीख एका दिवसाने पुढे ढकलली नव्हती.

बाहेर कॉरिडॉरमध्ये नवा फलक लागला होता. शंभर देशांचं एक विद्यापीठ. खाली तीस भाषांत स्वागत. त्यातलं मराठी अक्षर सुप्रभाबाईंचं. त्या वर्षी युरोपातल्या प्रत्येक विद्यापीठाला जग आपल्या वर्गात हवं होतं. चौकशी पॅनेलच्या अध्यक्षबाई कालच त्याच विषयावरच्या परिषदेहून परतल्या होत्या.

जग आलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीच्या कडेवर बसलं होतं.

“त्याला म्हणून दाखवू द्या,” सुप्रभाबाई म्हणाल्या. “पुस्तक तुम्ही धरा.”

ज्ञानेश्वर उभा राहिला. हाताची घडी घातली. डोळे मिटले.

पान एकशे बारा. एकशे तेरा. ओळींवरून फिरणारं हॉलिसांचं बोट मध्येच थांबलं. मग त्यांनी पुस्तक मिटलंच. आवाज चालूच राहिला, एका लयीत, कुठेही न अडखळता. एकशे चौदाच्या मध्यावर अध्यक्षबाई म्हणाल्या, “पुरे.”

*नोंद दोन. चिठ्ठ्यांचा आरोप मागे.*

सुप्रभाबाईंनी श्वास सोडला. ज्ञानेश्वरने त्यांच्याकडे पाहिलं. झालं ना, मॅडम?

*नोंद तीन. नवा आरोप : दुसऱ्याचे लेखन स्वतःचे म्हणून सादर केले. सिद्ध झाल्यास वरीलप्रमाणे.*

वरीलप्रमाणे.

त्याला सोडवायला त्यांनीच पुरावा मागितला होता. त्याच पुराव्याने तो आता अडकला होता.

अध्यक्षबाई वाईट नव्हत्या. त्यांनी आवाज खाली आणला. “हे शब्द तुमचे नाहीत. त्याबद्दल तुम्हाला काय म्हणायचंय?”

दार किलकिलं केलं होतं त्यांनी. चुकलो, एवढं म्हटलं की पुरे होतं.

ज्ञानेश्वर इंग्रजीत दोन शब्द बोलला आणि अडला. मग सुप्रभाबाईंकडे वळून मराठीत सुरू झाला.

“मॅडम, तुम्हीच सांगा ना यांना. माझे वडील गुरुजी आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळेत. पुस्तकातला शब्द बदलला की छडी मिळायची. म्हणायचे, लिहिणाऱ्यापेक्षा शहाणा झालास का रे? मी सरांचं पुस्तक चार महिने पाठ केलंय. एक शब्दही इकडचा तिकडे केलेला नाही.”

शेवटचं वाक्य त्याने हॉलिसांकडे बघत म्हटलं. ताठ मानेनं. सर आता पाठीवर हात ठेवतील, अशा चेहऱ्यानं.

“काय म्हणाला?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

नोंदी घेणाऱ्या कारकुनाने पेन उचललं.

सुप्रभाबाईंनी टेबलावरचा पाण्याचा पेला हातात घेतला. प्यायल्या नाहीत. परत ठेवला.

“तो म्हणतो,” त्या इंग्रजीत म्हणाल्या, “की हे शब्द डॉ. हॉलिसांचे आहेत, हे लिहायला हवं होतं. त्याची चूक झाली. त्याला वाईट वाटतंय.”

कानावर पडलेलं इंग्रजी ज्ञानेश्वरला पुरतं कळायचं.

“मॅडम, मी असं कुठे—”

“गप बस,” त्या मराठीत म्हणाल्या. चेहरा तसाच, हसरा.

तो बसला. त्या खोलीत आल्यापासून त्याने पहिल्यांदा मान खाली घातली. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. अध्यक्षबाईंनी ते पाहिलं आणि समजुतीने मान हलवली. पश्चात्ताप दिसत होता.

*नोंद चार. विद्यार्थ्याने चूक मान्य केली. ताकीद. पेपर सप्टेंबरमध्ये पुन्हा.*

हॉलिस उठले. जाताना त्यांनी ज्ञानेश्वरच्या पाठीवर खरोखरच हात ठेवला. त्याने मान वर केली नाही.

कारकुनाने कागद सुप्रभाबाईंपुढे केला. विद्यार्थ्याचं उत्तर इंग्रजीत टाइप केलेलं होतं, खाली भाषांतरकाराच्या सहीची ओळ.

“नियम म्हणून विचारतो,” तो म्हणाला. “शब्दशः आहे ना?”

ज्ञानेश्वर आता त्यांच्याकडे बघत होता.

सुप्रभाबाईंनी सही केली. नेहमीची, सगळीकडे चालणारी.

“एक शब्दही इकडचा तिकडे केलेला नाही,” त्या म्हणाल्या.