पुसू नये

केंद्रप्रमुखांनी आल्या आल्या खडू खुशबूच्या हातात दिला. "एक्क्याण्णव आणि अठ्ठ्याहत्तर. मूळ अवयव पाडून मसावि काढ."

गोंदियाच्या गणित स्पर्धेला केंद्रातल्या शाळांमधून कोणाला न्यायचं, ते आज देवरीकडच्या या टोल्यावरच्या, छोट्या वस्तीवरच्या शाळेत ठरणार होतं. पुष्पांजली मॅडमनी छातीठोकपणे खुशबूचंच नाव सांगितलं होतं.

पोरीनं झरझर लिहिलं: ७८ = २ × ३ × १३. मग थांबली. सरकत सरकत फळ्याच्या कोपऱ्याशी गेली आणि तिथंच पाठ टेकून उभी राहिली.

मॅडमना एकदम आठवलं. त्या कोपऱ्यात, सुविचाराच्या जागी, काल त्यांनीच चौकट आखून लिहिलं होतं, '९१ ही मूळ संख्या आहे.' आणि खाली, 'पुसू नये.' खुशबू तेव्हा उठून म्हणाली होती, "मॅडम, तेरानं भाग जाते ना?" त्यांनी तिला डाफरून खाली बसवलं होतं. वर्ग फिदीफिदी हसला होता.

तेरा साती एक्क्याण्णव. आता कुठे त्यांच्या डोक्यात पाढा चालला. बी.एस्सी. झालेली बाई, आणि पाढ्यात चुकली!

"अगं, पुढे?" साहेब म्हणाले. "बाजूला हो, फळा दिसू दे."

"सर, मले नाई येत." खुशबूनं पाठ आणखीच दाबली.

"तेराचा पाढा येत नाही? आणि हिला गोंदियाला न्यायचं म्हणता, मॅडम?"

चूक माझी आहे, एवढंच म्हणायचं होतं. ओठांपर्यंत आलेलं मॅडमनी गिळलं. "घाबरली असेल, सर," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्याच आवाजाची त्यांना किळस आली.

साहेबांनी दुसऱ्या शाळेच्या पोराचं नाव पक्कं केलं आणि गाडीला किक मारली. आवाज पार लांब गेल्यावर मॅडमनी विचारलं, "येत होतं ना तुले? मग काऊन नाही लिवलं?"

"तिकडं लिवाले हटली असती तं तुमचं लिवलेलं साहेबाले दिसलं असतं ना," खुशबू म्हणाली आणि जागेवर जायला वळली.

तिच्या निळ्या गणवेशाची पाठ खडूनं पांढरी झाली होती. ती झटकायला मॅडमनी हात पुढे केला, पण तो तिच्यापर्यंत पोचेना. चौकटीतलं वरचं सगळं पुसलं गेलं होतं. खालचे दोन शब्द तेवढे फळ्यावर उरले होते, त्यांच्याच वळणदार अक्षरात.