जांभळ्या नांग्यांची जोडी

आंघोळ उरकून आमोद घरात आला, तर मडकं रिकामं. झाकणावरचा दगड बाजूला, खेकड्यांचा पत्ता नाही.

महाडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारा हा माणूस दोन पावसाळे पोलादपूरच्या डोंगरात जांभळ्या नांग्यांच्या खेकड्यामागे वेड्यासारखा हिंडला होता. असा खेकडा कुठल्याच पुस्तकात नव्हता. काल संध्याकाळी एकदाची नर-मादीची जोडी हाती लागली. स्पिरिटची बाटली मात्र एसटीच्या धक्क्यांत फुटलेली. म्हणून गावातल्या गोमाजीच्या घरी मुक्काम करून त्याने ती जोडी मडक्यात जिवंत ठेवली, चुलीच्या कडेला, आणि सकाळच्या गाडीने न्यायचं ठरवलं. नव्या जातीला नाव द्यायचं तर तिचा नमुना कायमचा जपून ठेवावा लागतो, आणि खेकड्यात तो शक्यतो नर घेतात, अगदीच नसेल तर मादी. नमुना नाही, तर नाव नाही. पुण्याचा एकजण ह्याच खेकड्याच्या मागावर होता. जो आधी छापेल, त्याचंच नाव टिकणार.

"मावशी, मडक्यातले खेकडे?"

गोमाजीची बायको येसूबाई चुलीपुढून हसली. "मास्तर, तुमी लय भिडस्त. तोंडानं मागवना म्हणून गुपचूप चुलीपाशी आणून ठेवलेत. कळतं की आमाला."

आता पाहुण्याने चुलीशी चिंबोऱ्या आणून ठेवल्या, तर ह्या घरात त्याचा दुसरा अर्थ कुणाला लागावा तरी कसा! पाय, कवच, काहीतरी उरलंय का, त्याने विचारून पाहिलं. पाय पाट्यावर वाटून फडक्यातून गाळले होते, कवच कोंबड्यांनी टिपलं होतं. झालं, दोन वर्षांवर पाणी पडलं.

तो पानावर बसला. गोमाजी हात धुऊन थांबला होता; पाहुण्याने घास घेतल्याशिवाय तो भाकरी मोडणार नव्हता. आमोदला रडू फुटायचंच बाकी होतं, तरी त्याने घास घेतला. कालवण, मेलं, झकास झालं होतं.

दोन चिंबोऱ्या असून रस्सा पातळ कसा, असं गोमाजी पुटपुटला.

"एकच घातली," येसूबाई म्हणाली. "दुसरीच्या पोटाखाली पिल्ली व्हती. पिल्लावाली चुलीवर चढवत नाय. पहाटंच व्हाळात सोडली."

आमोदचा घास हातातच राहिला. पिल्लं त्यालाही दिसली होती. बाटली शाबूत असती, तर आधी तिलाच त्याने स्पिरिटात टाकलं असतं, पिल्लांसकट.

गाडीला अवकाश होता. व्हाळाशी, त्या ओढ्याकाठी येऊन त्याने सवयीने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. ती लांब गेली नसणार, ह्यातल्याच एखाद्या दगडाखाली असणार. तो वाकला. हात दगडापर्यंत गेला, आणि तिथेच थांबला. मग त्याने ओंजळभर पाणी घेतलं, हाताचा कालवणाचा वास धुतला आणि दगडांवर पाय न देता, हळूच पलीकडे गेला.